कातालिना आणि योरिस: न्यू नेदरलँडच्या एका पहिल्या कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

17 ऑक्टोबर 1688. आजच्या न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंडवर वॉलाबाऊटच्या खाडीकाठी एका वृद्ध बाईची जबानी शपथेवर लिहून घेतली गेली. बाईचं नाव कातालिना त्रिको, वय सुमारे 83. तिला लिहिता येत नव्हतं, जबानी इंग्रजीत उतरली आणि ती स्वतः लहानपणापासून बोलत आलेली भाषा वालून, म्हणजे फ्रेंचच्या घरातली. तिला विचारलेला प्रश्न तिच्या आयुष्याबद्दल नव्हताच. पहिलं डच जहाज इथे कधी आलं, माणसं कुठे कुठे वसली, एवढंच अधिकाऱ्यांना हवं होतं. डचांकडून हा मुलूख घेऊन इंग्रजांना चोवीस वर्षं झाली होती. कनेटिकट आणि डेलावेअर या नद्यांकाठी आधी कोण वसलं, हे सांगू शकणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. कातालिना उरली होती.

तिची आणि तिचा नवरा योरिस यान्सन रापाल्ये याची कहाणी मला अभ्यासासारखी वाटते ती एका प्रश्नामुळे. 1624 च्या सुमारास पहिल्या जहाजांनी आलेल्या वालून कुटुंबांपैकी अनेक जण काही वर्षांत युरोपला परत गेले. हे दोघं का राहिले, आणि नुसते राहिले नाहीत तर एवढे फोफावले कसे? दोघांनाही अक्षरओळख नव्हती, मागे घराणं नव्हतं, गाठीला पैसा नव्हता. त्यांच्याबद्दल जे काही कळतं ते लग्नाची नोंद, जमिनीचे कागद, चर्चची दप्तरं, दोन जबान्या आणि एका प्रवाशाची रोजनिशी यांतून. त्यातलं एकही अक्षर त्यांच्या हातचं नाही.

कोणती कंपनी?

आपल्याकडे वलंदाज म्हटलं की वेंगुर्ल्याची वखार आठवते. ती 1602 मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीची. अमेरिकेतली न्यू नेदरलँड ही वसाहत दुसऱ्याच कंपनीकडे होती: 1621 ची वेस्ट इंडिया कंपनी. तिचं लक्ष आफ्रिकेचा पश्चिम किनारा, ब्राझील, कॅरिबियन आणि उत्तर अमेरिका यांच्यावर. हडसन नदीच्या खोऱ्यात तिला हवं होतं बीव्हर या पाणप्राण्याचं कातडं, कारण युरोपात टोप्यांसाठी त्याला प्रचंड मागणी होती. पण इंग्रजांनी हक्क सांगितलेल्या प्रदेशात नुसते व्यापारी ठेवून ताबा सिद्ध होत नाही. बायकापोरांसह राहणारी माणसं लागतात. ॲमस्टरडॅममध्ये सुखवस्तू असलेला डच माणूस घर सोडून जंगलात जायला तयार नव्हता. तयार झाले ते निर्वासित: स्पॅनिश अंमलाखालच्या दक्षिणेकडच्या प्रांतांतून, धर्माच्या जाचामुळे आणि पोटासाठी, उत्तरेला आलेले वालून प्रोटेस्टंट.

कंपनीने त्यांच्याशी केलेला करार साधा होता. सहा वर्षं नेमून दिलेल्या जागी राहायचं. आतल्या मुलखात कातड्यांचा व्यापार करायला हरकत नाही, पण माल विकायचा तो कंपनीलाच.

नोंदवहीतलं जोडपं

ॲमस्टरडॅमच्या जानेवारी 1624 च्या विवाह नोंदीत हे दोघं पहिल्यांदा एकत्र दिसतात. योरिस, वय 19, गाव वालांसिएन, धंदा बोरात नावाचं कापड विणणं. कातालिना, वय 18, राहणार नेस या गल्लीत, सोबत बहीण. आईवडील दोघांपैकी कुणाचेच हजर नाहीत. सहीच्या जागी दोघांनी खुणा केल्या आहेत. 21 जानेवारीला वालून चर्चमध्ये लग्न लागलं आणि त्यानंतर लगेचच त्यांनी जहाज धरलं.

नोंदवहीत कातालिनाचं गाव ‘प्रिस’ असं लिहिलंय. हे बहुधा आजच्या उत्तर फ्रान्समधलं प्रिश. 1688 च्या जबानीत मात्र तिचा जन्म चक्क पॅरिसला झाल्याचं म्हटलंय, आणि 1680 मध्ये तिला भेटलेल्या एका डच प्रवाशाने ती लिएजकडची असल्याचं लिहिलं. एकाच बाईची तीन जन्मगावं. तिने प्रत्येकाला वेगळं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्याने आपल्याला ओळखीचं नाव लिहून टाकलं, एवढंच. वंशावळी धुंडाळणाऱ्यांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा: अशिक्षित माणसाचं गाव कारकुनाच्या कानावर अवलंबून असतं.

सालाचंही तसंच. 1688 च्या जबानीत ती ठामपणे सांगते की आपण 1623 मध्ये आलो; 1685 च्या आधीच्या जबानीत ‘1623 किंवा 1624’ असं आहे. पण लग्न 1624 च्या जानेवारीत ॲमस्टरडॅममध्ये झालंय, तेव्हा त्याआधी येणं शक्यच नाही. साठ वर्षांनी साल एकने चुकणं यात नवल नाही. महत्त्वाचं हे की या एका चुकीमुळे बाकीची जबानी टाकून द्यायचं कारण नाही, कारण बाकीचे तपशील भलतेच नेमके आहेत.

प्रवास आणि सालींच्या झोपड्या

जहाजाचं नाव ‘एन्द्राख्त’, प्रमुख आद्रियान योरिसन. 1685 मध्ये इंग्रज गव्हर्नर डोंगनसमोर दिलेल्या पहिल्या जबानीत कातालिना सांगते की तिच्याबरोबर आलेल्या चार बायकांची लग्नं समुद्रातच लागली. ही चार जोडपी मॅनहॅटनला तीनेक आठवडे थांबली आणि मग आणखी आठ खलाशांबरोबर डेलावेअर नदीकडे रवाना झाली. 1688 च्या जबानीत हिशेब थोडा वेगळा येतो: दोन कुटुंबं आणि सहा माणसं कनेटिकट नदीकडे, दोन कुटुंबं आणि आठ माणसं डेलावेअरकडे, आठ माणसं मॅनहॅटनला ताबा ठेवायला, आणि उरलेले सगळे जहाजाने हडसन नदीतून वर, आज जिथे आल्बनी आहे तिथे. कंपनीच्या दृष्टीने ही चलाखी होती. मूठभर माणसं चार ठिकाणी पेरून मोठ्या मुलखावर हक्क सांगायचा. त्या मुठीतल्या माणसांच्या दृष्टीने पाहिलं तर विशी न गाठलेल्या मुलींना नकाशावरच्या खुंट्यांसारखं रोवलं जात होतं.

वाटेत नदी उथळ झाली. आदल्या वर्षी व्यापाराला आलेल्या डचांनी मागे ठेवलेल्या होड्यांत काही माल उतरवून जहाज हलकं केलं, मग ते वर गेलं. असा तपशील ऐकीव नसतो, तो पाहिलेल्या माणसालाच आठवतो. वर पोचलेली सुमारे अठरा कुटुंबं. त्यांनी छोटा किल्ला उभारला, फोर्ट ऑरेंज, आणि झाडांच्या सालींच्या झोपड्या बांधल्या. माहिकन, मोहॉक आणि त्यांच्या पलीकडच्या जमातींची माणसं बीव्हरची कातडी भेट घेऊन आली, मैत्रीचे करार झाले, व्यापार सुरू झाला.

याच ठिकाणी 9 जून 1625 रोजी कातालिनाला मुलगी झाली. सारा. पुढे ती न्यू नेदरलँडमध्ये जन्मलेली पहिली ख्रिस्ती मुलगी म्हणून ओळखली गेली. नोव्हेंबर 1626 मध्ये नेदरलँड्सच्या ‘स्टेट्स जनरल’ या सर्वोच्च सभेला गेलेलं एक प्रसिद्ध पत्र आहे. मॅनहॅटन बेट 60 गिल्डरला विकत घेतल्याची बातमी त्यातच. त्याच पत्रात, जहाजावर 7,246 बीव्हरची कातडी असल्याची यादीही आहे, आणि मध्ये एक छोटं वाक्य: तिथे बायकांना मुलंही झाली आहेत. सारा त्या वाक्यात आहे, नावाशिवाय.

आता जबानीतला सर्वांत जास्त उद्धृत होणारा भाग. आपण आल्बनीला तीन वर्षं राहिलो आणि तिथले इंडियन, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, तेव्हा कोकरांसारखे शांत होते, असं कातालिना सांगते. हे वाक्य पुढच्या काळात वसाहतवाल्यांच्या आणि मूळ रहिवाशांच्या सुरुवातीच्या गोडीगुलाबीचा पुरावा म्हणून वापरलं गेलं. पण 1626 मध्ये फोर्ट ऑरेंजचा प्रमुख डॅनिएल फान क्रिकेनबेक याने माहिकन आणि मोहॉक यांच्या लढाईत माहिकनांची बाजू घेतली आणि तो व त्याची काही माणसं मारली गेली. त्यानंतरच वसाहतीचा प्रमुख पीटर मिन्युइट याने तिथली कुटुंबं खाली मॅनहॅटनला हलवली. कातालिना ‘1626 मध्ये आम्ही खाली आलो’ एवढंच सांगते; का आलो हे सांगत नाही. मला ही विसरभोळी म्हातारी वाटत नाही. तिच्या घरावर कुणी चालून आलं नव्हतं. तिने पाहिलेले मोहॉक कातडी घेऊन यायचे आणि परत जायचे, आणि भांडणात डचांना ओढणारा त्यांचाच अधिकारी होता. तिची साक्ष तिच्या उंबऱ्यापुरती खरी आहे. ती सगळ्या वसाहतीला लावायची चूक नंतरच्यांची.

मुली, जावई, जमीन

मॅनहॅटनवर किल्ल्याजवळ पर्ल स्ट्रीटला त्यांचं घर झालं. 1625 ते 1650 या पंचवीस वर्षांत कातालिनाला अकरा मुलं झाली. सात मुली, चार मुलगे. सहा वर्षांचा करार संपल्यावर परत जायची मुभा होती, तेव्हा तीन मुली पदरात होत्या. योरिसचा ॲमस्टरडॅममधला धंदा म्हणजे मजुरीवर कापड विणणं. परत जाऊन पुन्हा तेच. इथे निदान जमीन मिळण्याची आशा होती. ही माझी अटकळ आहे, कागद काही बोलत नाही, पण पुढचा व्यवहार तिला दुजोरा देतो.

16 जून 1637 रोजी योरिसने लाँग आयलंडवरची, खाडीकाठची जमीन तिथल्या मूळ मालकांकडून घेतली. सुमारे 335 एकर. त्याच ऑगस्टमध्ये पहिला मुलगा यान जन्मला. कंपनीकडून या जमिनीची सनद मिळाली ती 17 जून 1643 रोजी, आणि 27 जूनला येरोनिमस जन्मला. हा योगायोग असेलही, पण जन्मतारखा आणि जमिनीच्या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की या घराची चाल दिसते. (मूळ मालकांनी या व्यवहाराकडे कसं पाहिलं हा प्रश्न मात्र सनदेत येत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे लेनापे समाजात जमीन वापरायला देणं आणि कायमची सोडून देणं यांत फरक होता. पुढच्या बऱ्याच रक्तपाताचं मूळ त्या फरकात आहे.)

आणि मुलींची लग्नं. इथे वाचणाऱ्याला थांबावंच लागतं. मारित्ये, जन्म मार्च 1627, लग्न नोव्हेंबर 1640. यानेत्ये, जन्म ऑगस्ट 1629, लग्न डिसेंबर 1642. दोघीही लग्नाच्या वेळी तेरा वर्षांच्या. थोरली साराही चौदा-पंधराची असतानाच हान्स हान्सन या नॉर्वेहून आलेल्या माणसाची बायको झाली. त्या काळी हॉलंडमध्ये मुली साधारण विशी ओलांडून लग्न करत. कातालिनाचं स्वतःचं लग्न अठराव्या वर्षी झालं, तेही तिकडच्या मानाने लवकरच. वसाहतीत पुरुष जास्त, बायका थोड्या, त्यामुळे घरात वाढणाऱ्या मुलींना मागणी लवकर यायची. यानेत्येचा नवरा रेम यान्सन लोहार होता. लोहार जावई म्हणजे नांगर, कुऱ्हाडी, बिजागऱ्या, घोड्याचे नाल, सगळं घरात. साराला पती मिळाला तो खाडीकाठी शेजारचीच जमीन धरणारा. या विवाहांतून जी घराणी उभी राहिली, बर्गन, रेमसन, रायरसन, ती आजही ब्रुकलिनच्या रस्त्यांच्या नावांतून वाचता येतात. मुलींना काय वाटलं याबद्दल एक ओळही नाही. ती नसणं मला फार बोचतं.

डच कायद्याचा इथे मोठा हात आहे. नवराबायकोची मालमत्ता सामाईक. नवरा गेला तरी निम्मी विधवेची. वाटणीत मुलींना मुलग्यांइतकाच हिस्सा. बाई लग्नानंतर माहेरचंच नाव लावायची, म्हणून ती शेवटपर्यंत कातालिना त्रिको राहिली. 1664 मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली तेव्हाच्या तहाच्या अकराव्या कलमात डचांना वारशाबाबत आपल्या चालीरीती ठेवायची मोकळीक दिली होती. योरिस त्याच्या एक-दोन वर्षं आधी वारला. नवऱ्यामागे कातालिना सव्वीस-सत्तावीस वर्षं जगली, आणि स्वतःच्या हक्काने जगली.

बारा जणांमधला एक

योरिसबद्दल थोडं. तो दप्तरात दिसतो तो गावातला एक जाणता माणूस म्हणून. 1641 मध्ये सुतारकाम करणाऱ्या एका वृद्धाचा एका इंडियनाने खून केला. त्याचा सूड म्हणून गव्हर्नर विलेम कीफ्टला युद्ध हवं होतं. लोकांची संमती दाखवायला त्याने बारा माणसं निवडून घ्यायला लावली, त्यात योरिस होता. या बारांनी युद्धाला लगेच होकार दिला नाही, उलट कारभारात सुधारणा मागितल्या, तेव्हा कीफ्टने फेब्रुवारी 1642 मध्ये मंडळच मोडून टाकलं. वर्षभराने, 25 फेब्रुवारी 1643 च्या रात्री, पावोनिया आणि कॉर्लेअर्स हुक इथे आश्रयाला आलेल्या इंडियनांची कत्तल झाली. बायका आणि पोरं धरून शंभराहून जास्त माणसं मारली गेली. त्या हल्ल्याची परवानगी मागणाऱ्या अर्जावर जुन्या बारांपैकी तिघांची नावं आहेत. योरिसचं नाही.

यावरून त्याला संत ठरवू नये. अर्जावर सही नसणं म्हणजे विरोध केल्याचा पुरावा नव्हे, आणि चारच महिन्यांत त्याच गव्हर्नरच्या सहीने त्याला जमिनीची सनद मिळाली. पण दोन वर्षं चाललेल्या त्या लढाईत लाँग आयलंडवर विखुरलेली शेतं जळत होती, आणि युद्ध पेटल्यास नुकसान आपलंच, हे खाडीपलीकडे जमीन असलेल्या माणसाला कळत असणार. 1650 च्या दशकाच्या मध्यास पर्ल स्ट्रीटवरचं घर विकून कुटुंब वॉलाबाऊटला कायमचं राहायला गेलं. योरिस ब्रुकलिनचा न्यायदंडाधिकारी म्हणून अनेकदा नेमला गेला. सही मात्र शेवटपर्यंत खुणेचीच.

साराचा अर्ज

4 एप्रिल 1656 चा एक अर्ज या घराचं नशीब जवळून दाखवतो. अर्जदार सारा. नवरा हान्स वारलेला, पदरी सात मुलं, वय तीस. ती स्वतःला न्यू नेदरलँडची पहिली ख्रिस्ती कन्या म्हणवते आणि वॉलाबाऊटला आपल्याकडे असलेल्या वीस मॉर्गन (जमिनीचं डच माप) जमिनीखेरीज गवताचं एक कुरण मागते. बस. गुरांना चारा हवा आहे.

पुढे याच अर्जाभोवती दंतकथा रचली गेली की इंडियनांनी पहिल्या गोऱ्या मुलीच्या जन्माच्या कौतुकाने तिला जमीन बहाल केली. कागदात असं काही नाही. आहे ती एक विधवा, जिला आपल्या जन्माचं मोल कळलं होतं आणि ते तिने योग्य दारात, योग्य वेळी मांडलं. मला दंतकथेपेक्षा ही बाई कितीतरी मोठी वाटते. तिने तेउनिस बोगार्टशी दुसरं लग्न केलं आणि तिचा संसार आणखी वाढला.

एकशे पंचेचाळीस

मे 1680 च्या अखेरीस यास्पर डांकार्ट्स नावाचा डच प्रवासी वॉलाबाऊटला आला. तो कडव्या धर्मपंथाचा, आपल्या पंथासाठी वसाहतीला जागा शोधत हिंडत होता. त्याने कातालिनाला पाहून लिहिलं की ही बाई संसारात बुडालेली आहे, जीव सगळा आपल्या संततीत, जी आता 145 झाली असून लवकरच 150 होईल. आणि तरीही ती एकटी राहते, बाकीच्यांपासून जराशी बाजूला, आपली छोटी बाग आणि लागेल ते सामान बाळगून, स्वतःचं स्वतः करून.

डांकार्ट्सने हे टीकेच्या सुरात लिहिलं. पण त्याच्या नजरेतून सुटलेलं काही नाही. पंच्याहत्तरीच्या घरातली बाई, आजूबाजूचा शेजार आपल्याच मुलानातवंडांचा, भाषा अजून चांगली वालून, आणि घर वेगळं. सहा वर्षांच्या करारावर आलेली मुलगी परत का गेली नाही, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर मला या चार ओळींत मिळतं. ॲमस्टरडॅमच्या नेस गल्लीतली अठरा वर्षांची निर्वासित पोर तिथे म्हातारी झाली असती तर स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या बागेत, अशी झाली नसती.

या वाढीची दुसरी बाजूही त्याच मातीत आहे. वेस्ट इंडिया कंपनीने 1620 च्या दशकातच आफ्रिकन गुलाम मॅनहॅटनला आणले. पुढे किंग्ज काउंटीतल्या, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमधल्या, डच वंशाच्या लोकांच्या शेतांवर गुलामी इतकी मुरली की 1790 च्या शिरगणतीत तिथली जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गुलामांची होती. कातालिनाची नातवंडं-पतवंडं याच शेतकरीवर्गात वाढली. त्यांच्या भरभराटीचा हिशेब त्यांच्या कष्टांवर थांबत नाही.

कातालिना 11 सप्टेंबर 1689 ला वारली. तिच्या आणि योरिसच्या वंशजांची संख्या आज दहा लाखांच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या सधन शाखांना साध्या विणकराचं मूळ पुरेसं वाटेना. मग योरिसच्या मागे एक फ्रेंच प्रोटेस्टंट सरदार जोडला गेला, छापील वंशावळींत त्याला हुद्दा आणि पराक्रम मिळाले, आणि दोन-तीन पिढ्या ते खरं मानून चालल्या. विसाव्या शतकात संशोधकांनी वालांसिएनची चर्चदप्तरं तपासली तेव्हा 28 एप्रिल 1604 ला बाप्तिस्मा झालेला एक साधा मुलगा सापडला. सरदाराचा पत्ता कुठेच नव्हता. ती बनावट वंशावळ अजूनही अनेक कौटुंबिक तक्त्यांत नक्कल होत राहते. कुणी योरिसच्या वरच्या ओळीत सरदार दाखवला, तर त्याच्याकडे दाखला मागावा.